मराठी न येणाऱ्या ओमा

गेर्लिंगेनहून मामाला गेलेलं माझं प्रत्येक पत्र ज्यांच्या बोटांखालून गेलं, त्या बाईंना मराठीचा एक शब्द येत नाही. आम्हा तिघांच्या दृष्टीने हीच सगळ्यात सोयीची गोष्ट ठरली. पत्रातलं एकेक टिंब त्यांनी तपासलं आणि पत्रातलं एकही गुपित त्यांना कळलं नाही.

मामाचं ऋण जुनं आहे. वडील गेल्यावर त्याने आम्हाला नाशिकला आणलं, मला इंजिनिअर केलं, आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. घरातल्या अशा ऋणांचा उच्चार करायची आपल्याकडे रीत नाही. सगळ्यांना ते ठाऊक असतंच. या बाईंचं ऋण मात्र परमुलखातलं, शेजारपाजारचं. मी सांगितलं नाही तर ते कुणालाच कळणार नाही.

गेर्लिंगेन हे स्टुटगार्टला पश्चिमेकडून बिलगलेलं, वीसेक हजार वस्तीचं गाव. स्टुटगार्टहून येणारी यू-६ ट्राम इथे येऊन संपते. वरच्या डोंगरावर शिलरह्योहे आहे आणि तिथे १९७० पासून बॉशचं मुख्यालय आहे. नाशिकच्या माणसाला बॉश म्हटलं की सातपूरची ‘मायको’ आठवते, त्यामुळे या डोंगराचं नाव नाशकात अगदीच अनोळखी नाही. मी याच परिसरातल्या एका कारखान्यात मोजमाप आणि तपासणी खात्यात काम करते. राहते ते घर तीन मजली, आणि तळमजल्यावर त्या राहतात. माझा मुलगा त्यांना ‘खालच्या ओमा’ म्हणू लागला, म्हणजे खालच्या आजी. मग आम्ही सगळेच म्हणू लागलो.

श्वाबन मुलखात जिना झाडण्याची पाळी आठवड्या-आठवड्याने घरोघरी फिरते. तिला ‘केरवोखे’ म्हणतात, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. आम्ही नवीन असताना आमच्या पाळीनंतर ओमा वर आल्या आणि म्हणाल्या, तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात वाळू राहिली आहे. त्या लहानपणापासून पूर्ण दृष्टिहीन आहेत. वाळू त्यांना चपलेच्या तळव्याखाली लागली होती. तपासणी खात्यात इतकी वर्षं काढूनही असा तपासनीस मी पाहिला नव्हता. आमचा स्नेह तिथून सुरू झाला.

ओमांची नोकरी टेलिफोन ऑपरेटरची. जर्मनीतल्या दृष्टिहीनांच्या एका अख्ख्या पिढीने हे काम केलं. निवृत्तीनंतर वाचन हाच त्यांचा उद्योग. त्यांच्या खोलीत एक भिंतभर पुस्तकं आहेत, जाडजूड, उभी लावलेली. ब्रेलची पुस्तकं आडवी रचायची नसतात, वजनाने खालची टिंबं दबतात, हे मला त्या भिंतीसमोर कळलं. छापील एका पानाला ब्रेलची दोन-तीन पानं लागतात, म्हणून साधी कादंबरीसुद्धा अनेक खंडांची होते.

पहिला धडा मात्र पुस्तकावर झाला नाही, औषधाच्या खोक्यावर झाला. मुलाच्या खोकल्याच्या औषधावर टिंबं उठलेली होती. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानुसार औषधाचं नाव खोक्यावर ब्रेलमध्ये द्यावं लागतं. ओमांनी ते खोकं हातात घेऊन नाव वाचलं आणि मला विचारलं, “तुम्ही मोजमापवाल्या ना? मग मोजा.” मी मोजलं. एका अक्षरातल्या दोन शेजारच्या टिंबांत अडीच मिलीमीटर, एका अक्षरापासून दुसऱ्या अक्षरापर्यंत सहा, ओळीपासून ओळीपर्यंत दहा. या मापाला ‘मारबुर्ग मीडियम’ म्हणतात. मारबुर्ग गावात पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या तरुणांच्या उच्च शिक्षणासाठी १९१६ मध्ये संस्था निघाली, ती आजही तिथे आहे. मापाला गावाचं नाव मिळालं ते तिच्यामुळे. सहा टिंबांचं अख्खं अक्षर बोटाच्या एका पेराखाली मावलं पाहिजे, हाच या मापांमागचा सगळा हिशेब. अक्षर त्याहून मोठं केलं तर बोटाला ते शोधत फिरावं लागतं.

याच सुमारास मामाची नजर गेली. काचबिंदू. बाजूची नजर आधी जाते आणि ती गेल्याचं माणसाला कळतही नाही. कळलं तेव्हा समोरचं थोडंच शिल्लक होतं आणि पुढे तेही गेलं. मामा आयुष्यभर टूलरूममध्ये होता. रेतलेल्या कडेवरून नख फिरवून कुठे बर, म्हणजे धातूची बारीक खरखर, राहिली आहे ते सांगायचा. साठी उलटलेल्या त्या माणसाने ब्रेल शिकायला घेतलं. घरी येणाऱ्या शिक्षकांनी त्याला ब्रेलची पाटी आणि स्टायलस दिला. ही पाटी म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन पट्ट्या. वरच्या पट्टीत चौकटींच्या रांगा, खालच्या पट्टीत प्रत्येक चौकटीखाली सहा खळगे. मधे जाड कागद घालायचा आणि वरून टोचायचं. कागद खालच्या खळग्यात दबतो, म्हणून टिंब मागच्या बाजूला उठतं. लिहायचं उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं. कागद पालटला की ते सुलट, डावीकडून उजवीकडे वाचता येतं. नव्या माणसाला हे उलटं लिहिणं जड जातं. मामाला गेलं नाही. तो फोनवर म्हणाला, “अगं, हे तर डाय-पंच आहे. उलटं कोरायचं म्हणजे सुलटं उमटतं. चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं?”

त्याची अडचण वाचण्यात होती. लोखंड हाताळून बोटांची कातडी निबर झालेली. आणि दुसरी अडचण पत्रांची. मी पत्र पाठवायची, मामी वाचून दाखवायची. ती मामाच्या वाटणीचंही हसायची आणि मामाच्या वाटणीचंही रागवायची. एकदा फोनवर मामी जरा आत गेल्याचा अंदाज घेऊन तो घाईघाईने म्हणाला, “पोरी, मला तुझ्याशी एकट्याने बोलायचंय. टिंबांत लिही.”

हे मी ओमांना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. पहिलं प्रेमपत्र आपल्याला वसतिगृहाच्या बाईंनी वाचून दाखवलं होतं, असं त्यांनी सांगितलं. पुढे म्हणाल्या, “चला, तळघरात.”

तळघरात त्यांचं ब्रेलचं सगळं सामान होतं. शाळेपासूनचं, क्रमाने लावलेलं.

सगळ्यात जुनी शाळेतली पाटी. तिच्या शेजारी ‘बोगेनमाशिने’, म्हणजे कागदाच्या तावावर ब्रेल उठवणारं टंकयंत्र. बर्लिनजवळच्या स्टेग्लिट्झमध्ये अंधांना शिकवणाऱ्या ऑस्कर पिख्ट यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अशी यंत्रं घडवली आणि ती जर्मनीभर पसरली. त्याच्या थोडं आधी, १८९२ मध्ये, अमेरिकेत इलिनॉयच्या अंधशाळेचे अधीक्षक फ्रँक हॉल यांनी आपलं यंत्र काढलं होतं. या सगळ्या यंत्रांमागे एकच युक्ती आहे. पाटीवर एका अक्षराची सहा टिंबं एकेक करून टोचावी लागतात. इथे सहा कळा आहेत आणि त्या एकदम दाबायच्या. मधली लांब कळ मोकळ्या जागेची. डाव्या तर्जनीला पहिलं टिंब, मधल्या बोटाला दुसरं, अनामिकेला तिसरं. उजव्या हाताला तसंच चौथं, पाचवं, सहावं. पेटीवाल्याने सूर धरावा तसं अक्षर एका दाबात उमटतं, शिवाय वरच्या बाजूला उमटतं, म्हणून कागद न काढता लगेच वाचता येतं.

आपल्याकडे या जातीतलं ओळखीचं यंत्र म्हणजे पर्किन्स ब्रेलर. अमेरिकेतल्या पर्किन्स अंधशाळेत सुतारकाम शिकवणारे डेव्हिड अब्राहम यांनी ते घडवलं. दुसऱ्या महायुद्धामुळे ते रखडलं आणि १९५१ मध्ये बाहेर आलं. जवळपास पाच किलोचं, आतून पोलादी, पिढ्यान्‌पिढ्या चालणारं. भारतात ते वेल्लूरजवळच्या काटपाडीला वर्थ ट्रस्टच्या कारखान्यात बनतं. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांच्या पुनर्वसनासाठी तो ट्रस्ट निघाला. ज्यांच्या बोटांची संवेदना रोगाने हिरावली, त्यांच्यासाठी सुरू झालेल्या कामातून बोटांनी वाचणाऱ्यांची यंत्रं तयार होऊ लागली. हे सांगितल्यावर ओमांनी यंत्रावरून हात फिरवला आणि विचारलं, “ते पगार नीट देतात ना?”

छापखान्यांची तऱ्हा वेगळी. तिथे जस्ताचा दुहेरी पत्रा घेऊन त्यावर टिंबं ठोकतात. एका पत्र्यावर उंचवटा आला की जोडीच्या पत्र्यावर तंतोतंत खळगा येतो. मधे कागद घालून दाबला की पान तयार, आणि त्याच पत्र्यांवर शेकडो प्रती निघतात. लायप्झिगला १८९४ पासून अंधांसाठी ग्रंथालय आहे. ओमांच्या भिंतीवरची निम्मी पुस्तकं तिथली आणि मारबुर्गची. आपल्याकडे सरकारी ब्रेल छापखाना डेहराडूनला १९५१ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ ठरलं. त्याआधी प्रांतोप्रांती वेगवेगळ्या लिप्या होत्या.

आणि शेवटी, फोम लावलेल्या लाकडी पेटीत, एम्बॉसर. संगणकाला जोडायचा ब्रेल प्रिंटर. शाईचा प्रिंटर कुजबुजतो, हा ठोकतो. आत विद्युतचुंबकाने उडणारे बारीक हातोडे असतात. कागदाच्या एका बाजूला हातोडा, दुसऱ्या बाजूला खळग्यांची पट्टी. प्रत्येक टिंबाला एक ठोका. पेटी बंद असली तरी वरच्या मजल्यावर ऐकू येतं. म्हणून तो तळघरात, आणि दुपारी १ ते ३ आणि रविवारी बंद. ती शांततेची वेळ. ओमा स्वतः कधी मोडत नाहीत आणि दुसऱ्याला मोडू देत नाहीत.

मी खात्यातल्या सवयीने आधी कागदाची चौकशी केली. कचेरीतला कागद दर चौरस मीटरला ८० ग्रॅमचा असतो. त्यावर ठोका पडला तर तो फाटतो आणि टिंबाच्या जागी धारदार भोक पडतं. वाचणाऱ्याचं बोट खरवडतं. ब्रेलचा कागद १२० ते १६० ग्रॅमचा, कधी आणखी जाड. ठोक्याचा जोर आणि कागदाची जाडी जुळली पाहिजे. कागद ताणला जावा, पण तंतू तुटू नयेत. जोर कमी पडला तर टिंब बसकं येतं आणि दोन-चार वाचनांत सपाट होतं. कागदाने दमट हवा धरली तर चांगलं टिंबही बसतं, म्हणून नाशिकच्या पावसाळ्यात पत्रं कशी ठेवायची ते ओमांनी आधीच सांगून ठेवलं.

काही यंत्रं पानाच्या दोन्ही बाजूंना एकदम छापतात. मागची टिंबं पुढच्या टिंबांच्या मधल्या मोकळ्या जागांत बसतात. डोळस माणसाला असं पान म्हणजे गोवर आल्यासारखं दिसतं, काही सुधरत नाही. बोटाला मात्र फक्त उंचवटे लागतात, खळगे जाणवत नाहीत, त्यामुळे ते गोंधळत नाही. तरी मामासाठी ओमांनी ते बंद ठेवायला लावलं. नवा वाचक, तोही निबर बोटांचा: एकाच बाजूला छापा, दोन ओळींच्या मधे एक ओळ कोरी सोडा, ओळी आखूड ठेवा. आणि त्याला सांगा, ज्या बोटाने कमी काम केलं त्याने वाच. मामाने डाव्या हाताची तर्जनी घेतली आणि त्याची गाडी रुळावर आली.

मराठी छापायची तर आणखी एक पायरी होती. देवनागरी मजकूर आधी ब्रेलमध्ये बदलावा लागतो. हे काम करणारी सॉफ्टवेअर आहेत. डक्सबरी हे जुनं आणि विकतचं, लिबलुई हे मोफत, आणि दोन्हींत मराठी आहे. बदलाचे नियम मी ओमांच्या शेजारी बसूनच समजून घेतले. भारती ब्रेलमध्ये काना-मात्रा नसतात. ‘कि’ लिहिताना आधी क, मग इ. देवनागरीत आधी दिसणारी वेलांटी इथे उच्चाराप्रमाणे नंतर येते. ‘सई’ लिहायचं तर स आणि ई यांच्यामध्ये अ घालावा लागतो, नाहीतर ‘सी’ होतं. जोडाक्षराच्या आधी एकटं चौथं टिंब येतं आणि सांगतं की पुढचं अक्षर अर्धं आहे. ओमांना हा नियम फार आवडला. धोक्याची पाटी वळणाच्या आधीच हवी, त्या म्हणाल्या.

मग एक गंमत झाली. भारती ब्रेलने बरीच अक्षरं उच्चारानुसार मूळच्या ब्रेलमधूनच घेतली आहेत. क, ग, ज, त, द, न, प, ब, म, र, ल, व, स, ह यांची टिंबं जर्मनमध्येही त्याच आवाजांची किंवा जवळपासची. ओमांनी पहिलं पान हातात घेतलं आणि सरळ मोठ्याने वाचायला लागल्या! आपल्या ‘आ’ची टिंबं ३-४-५, जर्मनमध्ये तीच टिंबं म्हणजे वर दोन ठिपके असलेला, ‘ए’सारखा उच्चारला जाणारा आ-उमलाउट. त्यामुळे ‘मामा’ त्यांनी ‘मेमे’ वाचलं. ‘नाशिक’चं ‘ने-आय-इक’ झालं, कारण आपला ‘श’ म्हणजे त्यांचा ‘आय’. त्या दिवसापासून नाशिकचा माझा मामा गेर्लिंगेनमध्ये मेमे झाला. “मेमेचं पान तयार आहे का?” असं त्या जिन्यातून विचारायच्या.

पान छापलं की ओमा तपासायच्या. अर्थ कळत नसला तरी टिंबं कळत होती, आणि त्यातून मला जे शिकायला मिळालं ते माझ्या खात्यातल्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. त्यांनी चुकांच्या तीन जाती पाडल्या. एखादं टिंब ठरावीक अंतरावर, पानभर त्याच त्याच जागी कमजोर येत असेल, मग अक्षर कुठलंही असो, तर हातोडा बिघडला. एखादं अक्षर जिथे येईल तिथे चुकत असेल, जागा कुठलीही असो, तर तक्ता बिघडला. एम्बॉसर काही मजकूर ओळखत नाही. संगणकाकडून चिन्ह आलं की आतल्या तक्त्यात बघतो आणि टिंबं ठोकतो. संगणक अमेरिकन तक्त्याप्रमाणे पाठवतोय आणि यंत्र जर्मन तक्त्यावर असेल तर सुबक, उठावदार, कडक टिंबांचं अर्थहीन पान निघतं. आणि जी चूक ना जागेला बांधलेली ना अक्षराला, ती लिहिणाऱ्याची. हातोड्याची, तक्त्याची, माणसाची. खोक्यांमागे खोकी तपासताना आता मी कारखान्यातही हाच प्रश्न आधी विचारते.

पान निर्दोष असलं तर ओमा काही न बोलता परत द्यायच्या. श्वाबन लोकांत म्हण आहे, ‘नेट ग्शिम्फ्ट इश ग्नुग ग्लोब्ट’. शिव्या पडल्या नाहीत ना, मग तेवढं कौतुक पुरे. आमच्या टूलरूमवाल्या मामाचीही हीच रीत होती.

टपालाचं त्यांनीच शिकवलं. दृष्टिहीनांसाठीच्या ब्रेल साहित्याला आंतरराष्ट्रीय टपाल करारानुसार ७ किलोपर्यंत टपालखर्च माफ असतो. विमानाचा जादा आकार मात्र लागू शकतो. भारतातही ही सवलत आहे. पाकीट न चिकटवता, तपासता येईल असं ठेवायचं आणि वर ‘ब्लिंडेनझेंडुंग’ लिहायचं. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा, म्हणजे टिंबं दबत नाहीत. उघडं पाकीट दोन देशांच्या टपालखात्यांतून जायचं, आणि कुणाला काही कळायचं नाही.

आता ते गुपित सांगायला हरकत नाही. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी मामीच्या पाटल्या मोडल्या होत्या. मी तेव्हा लहान नव्हते, मला माहीत होतं. पण त्याचा विषय घरात कधी निघाला नव्हता. मामाला त्या परत करायच्या होत्या. फोनवर बोललो तर मामीला ऐकू जाणार, चिठ्ठी लिहिली तर तिच्याच हाती पडणार. म्हणून पाटल्यांचं वजन, घडण, सराफ कुठला, माझे पैसे किती आणि त्याच्या पेन्शनीतले किती, ही सगळी घासाघीस नाशिक आणि गेर्लिंगेन यांच्यात टिंबांनी चालली. त्याची उत्तरं पाटीवर टोचलेली यायची, तिरक्या ओळींची. सगळे पैसे मी देते म्हटलं तर त्याने लिहिलं की बायकोच्या पाटल्या भाचीच्या पैशांनी केल्या तर त्या भाचीच्या होतील. ओमांनी हे वाक्य बोटाने दोनदा वाचलं, कारण ‘बायको’तलं एक टिंब हलकं होतं. अर्थ त्यांनी विचारला नाही. पत्राच्या मजकुराबद्दल त्यांनी कधीच काही विचारलं नाही.

पाटल्या दिवाळीच्या पाडव्याला मामीच्या हातात पडल्या. आनंद झालाच, पण त्याहून जास्त राग आला. माझ्या नाकासमोर एवढा कारभार झाला आणि मला पत्ता नाही! तिने त्या शिक्षकांना सांगून स्वतः ब्रेल शिकायला घेतलं. ती डोळ्यांनी वाचते, दिवा तिरका धरून टिंबांच्या सावल्या बघते. आता मामाला गुपित लिहायची सोय राहिली नाही. तो मात्र इतका पुढे गेलाय की ‘स्पर्शज्ञान’ वाचतो. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू केलेलं हे मराठी ब्रेल पाक्षिक शिक्षक त्याला आणून देतात, आणि निवडणुकांवरची त्याची मतं पुन्हा पहिल्यासारखी ठाम झाली आहेत.

एका रविवारी, यंत्र बंद असायच्या दिवशी, ओमा मला गावातून फिरवत होत्या. म्हणजे मी हात धरला होता आणि रस्ता त्या सांगत होत्या. त्यांनी योहानेस रेबमान यांची गोष्ट सांगितली. जन्म गेर्लिंगेनचा, १८२० चा. धर्मप्रसारक म्हणून पूर्व आफ्रिकेत गेले आणि १८४८ मध्ये किलिमांजारोवरचा बर्फ पाहिला. विषुववृत्ताजवळ बर्फ असतो यावर युरोपातल्या विद्वानांनी कित्येक वर्षं विश्वास ठेवला नाही. जवळजवळ तीस वर्षं ते तिथे राहिले, तिथल्या भाषांचे शब्दकोश केले आणि दृष्टी गमावून १८७५ मध्ये परतले. पुढच्याच वर्षी जवळच्या कोर्नटालला वारले. जर्मनीतल्या अंधशिक्षकांनी बर्लिनच्या परिषदेत ब्रेल लिपी स्वीकारली ती १८७९ मध्ये. लुई ब्रेल यांनी ती पन्नास वर्षांपूर्वीच प्रसिद्ध केली होती. “शब्दकोश करणारा माणूस,” ओमा म्हणाल्या, “आणि शेवटी स्वतः केलेला एक शब्द वाचता येईना. लिपी तयार होती. लोक तयार नव्हते.” रेबमान यांच्याबद्दल त्यांना अभिमान आहे की चीड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ओमांचं मी काय देणं लागते, याचा हिशेब मी करून पाहिला आहे. कागदाचे पैसे त्या घेतात, पावतीसकट. वेळेचे घेत नाहीत. पोळी-भाजी त्यांना आवडते, तिखट चालत नाही. पण मुख्य गोष्ट अशी की परक्याचं पत्र हातात असूनही ते परक्याचंच ठेवायचं, इतका आदर त्यांनी एका न पाहिलेल्या, न भेटलेल्या माणसाला दिला. मामाने माझ्यासाठी जे केलं, ते मी त्याची होते म्हणून केलं. ओमांनी जे केलं, त्यात त्यांचं काहीच नव्हतं.

हे मी मामाला लिहिलं. ओमा त्याला मेमे म्हणतात आणि का म्हणतात, आपला आ म्हणजे त्यांचा वेगळा ए आणि आपला अ म्हणजे त्यांचा आ, हेही सविस्तर लिहिलं. त्याच्या उत्तराच्या पाकिटात या वेळी एक जादा चिठ्ठी होती. मी वाचली आणि मला काही अर्थ लागेना: द अ न क ए, मग मोकळी जागा, मग ओ म अ. मराठीत हा निव्वळ अशुद्धलेखनाचा नमुना. खाली जाऊन चिठ्ठी ओमांच्या हातात दिली. त्यांचं बोट ओळीवरून एकदा गेलं, आणि त्यांनी अस्खलित वाचलं, “दान्के, ओमा.”

त्या हसल्या, चांगल्या मोठ्याने हसल्या. नंतर बोट पुन्हा मागे नेलं. “चौथं टिंब बघा. दोन्ही शब्दांत नुसतं टेकलंय.”

“हातोड्याची, तक्त्याची की माणसाची?” मी विचारलं.

“हत्याराची. स्टायलस बोथट झालाय त्याचा. आणि कागद हलका आहे.” त्यांनी खणातून लाकडी मुठीचा आपला एक स्टायलस काढला, १६० ग्रॅमच्या कागदांचा एक गठ्ठा बांधायला लावला, आणि या वेळी पावती केली नाही. मी पैशांचा विषय काढला तर म्हणाल्या, हा व्यवहार तुमचा नाही.

मामाचंही म्हणणं तेच आहे. स्टायलस पोचल्याचं त्याने फोन करून कळवलं, आणि म्हणाला की या देण्यात तू मधे पडू नकोस, ते माझं मी बघतो. त्यासाठी त्याने माझ्याकडे जर्मन ब्रेलचा पूर्ण तक्ता मागवला आहे. आपला ध म्हणजे त्यांचा कोण, एवढंच त्याला आधी फोनवर हवं होतं. मी सांगितलं, एस्त्सेट, दोन स जोडून झालेलं त्यांचं अक्षर. “मग ते जमेल,” तो म्हणाला, “पुढचं पत्र तुझ्या नावावर नसेल. उघडू नकोस.”